बुधवारी लाईट नसते

मवाहिब पहिल्यांदा आली तेव्हा तिच्याकडे दळण नव्हतं.
गिरणीच्या दारात उभी, रांगेतले डबे बघत.
मग कमलच्या डब्यातली दादर मुठीत घेतली
आणि ओरडलीच, दुरा!
मी म्हटलं, दुरा नाही बाई, दादर.
ती म्हणाली, दुरा.
पट्टा चालू होता, तसंही काही ऐकू येत नव्हतं.
दोघी हसलो.

जैतूनबीला बोलावलं, तिला अरबी येते म्हणून.
आली, ओढणी सावरून बसली,
दोन शब्दांत थांबली.
तिची अरबी नमाजापुरती.
तीत गॅसची टाकी येत नाही,
लेकराला जुलाब लागले तर कुठली डॉक्टरीण
नीट हात लावून तपासते, तेही येत नाही.

म्हणून तराजूच्या ताटलीत पीठ पसरलं
आणि बोटानं लिहू लागलो.
मी चार काढला, ती बघत राहिली.
तिचा चार म्हणजे आपला तीन, उलटा.
तिचा पाच तर चक्क शून्य.
शून्य वाजता कुठलं पाणी येतं ग पिंप्राळ्यात?
शेवटी बोटं मोजली. पहाटे. चार. दोन दिवसांआड.

तिचा नवरा विद्यापीठात शिकायचा.
त्याला ऑफिसं माहीत, शिक्के माहीत,
पोलिसांकडे नोंदायची तारीख माहीत.
सुटं खोबरं कुठे मिळतं
हे कुठल्याच कागदावर नव्हतं.

मग ताइझची अर्वा आली, मवाहिबनं धाडलेली.
अर्वानं आणखी दोघी आणल्या.
मी एकीला सांगायची,
रात्रीपर्यंत सहा घरांत पोचायचं.
मेहरुणला राहणारी एक, जिला मी पाहिलंही नव्हतं,
माझ्या नावानं घासाघीस करायची भाजीवाल्याशी.

असंच कधीतरी मवाहिबला म्हणाले होते,
बुधवारी येऊ नको, बुधवारी लाईट नसते.

खरं होतं तेव्हा.
पुढे डीपी बदलली,
बुधवारही इतर वारांसारखा झाला.
सांगायचं राहून गेलं.

मवाहिब गेली. खार्तूमला जायचं होतं,
पण तिथे घर उरलं नव्हतं म्हणून कैरोला.
जाताना दादरचं पाच किलो पीठ नेलं,
विमानात नेऊ देतात का, हे मात्र
आम्हा दोघींनाही कुणी सांगितलं नव्हतं.

या चैत्रात हनादी आली, नवी, पोटुशी.
फोन माझ्या कानाला लावला.
आत मवाहिबचा आवाज. सगळी अरबी,
मधेच एक शब्द ओळखीचा. बुधवार.
अर्वानं अर्थ सांगितला:
जिच्या पापण्यांवर पीठ असेल तिला विचार.
बुधवारी मात्र जाऊ नकोस.

तीन वर्षं बुधवारी गिरणी रिकामी का असते
ते मला त्या दिवशी कळलं.

अर्वाला म्हटलं, आता असते ग लाईट.
म्हटलं, बघू तरी किती दिवस लागतात.
पहिला बुधवार कुणी नाही.
दुसरा, जैतूनबीची सून, तिला तसंही माहीत होतं.
तिसऱ्या बुधवारी दुपारी दीडच्या उन्हात
हनादी आली पोट सावरत, घामाघूम.
हातात डबा नाही, पिशवी नाही.

मी म्हटलं, दळण?
तिनं मान हलवली. दम खाल्ला.
मग माझ्या पारोळ्याकडच्या अहिराणीत,
जी मी तिला कधी शिकवली नाही,
मवाहिबला शिकवली होती की अर्वाला, आठवत नाही,
म्हणाली,
पानी उनं व माय. पानी उनं.

आज? दीड वाजता?
वेळ बदलली म्हणे परवापासून,
मेहरुणच्या बाईनं सांगितलं.

गिरणी तशीच चालू टाकली.
पळता पळता मागं पाहिलं,
हनादी माझ्या स्टुलावर बसली होती,
रांगेतल्या डब्यांवर नजर ठेवून.